खराब हवेची गोष्ट

हिलालभाऊ गावात शिरायच्या आधी त्याची सायकल शिरायची. चेनकव्हर सैल पडलेलं, ते पायडलच्या दर फेऱ्याला घासायचं. खर्र-टक, खर्र-टक. तो आवाज नाल्यापलीकडून आला की गव्हाणखेड्यातली पोरं "रगत काढनारा उना रेऽऽ" करत कडब्याच्या गंजीमागं दडायची. ओट्यावर पत्ते कुटणाऱ्या बाप्यांना एकदम शेतातली कामं आठवायची. म्हाताऱ्या तेवढ्या जागच्या हलत नसत.

"आमनं रगत ते कव्हयनं आटी गये, भाऊ. आते काय इकशी, हाडं?"

हिवताप खात्याचा माणूस. दोंडाईच्याला राहायचा आणि आसपासच्या खेड्यांत आळीपाळीनं, पाऊस असो की ऊन, घरोघर फिरून ताप विचारायचा. सायकलवरून न उतरता एक पाय ओट्याला टेकवायचा आणि एसटीचा कंडक्टर "दोंडाईचा-नरडाणा-सोनगीर-धुळे" म्हणतो तसं एका दमात म्हणायचा, "ताप-थंडी-कणकण-डोकं?" प्रश्न डोक्याशी पोचायच्या आत आतून "नही"  आलेलं असायचं. पण हिलालभाऊचा कान मोठा तिखट. "नही" म्हणणाऱ्याचे दात वाजत असले तर त्याला ते भिंतीआडून ऐकू यायचं. मग तो उतरायचा, बोट टोचायचा, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि पांढऱ्या कडू गोळ्या गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही. कारण लोक त्या जिभेखाली धरून नंतर म्हशीच्या आंबोणात थुंकत.

"आमनी म्हैसले आते जलमभर मलेरिया व्हवाव नही," असं हे लोक वर त्यालाच ऐकवत.

तरी त्याला गावात मान होता, आणि तो गोळ्यांमुळं नव्हता. तो होता त्याच्या गोष्टीमुळं.

इंग्रजीपायी हिलालभाऊची मॅट्रिक दोनदा बुडाली होती. नोकरी लागल्यावर त्याला नाशकाला ट्रेनिंगला पाठवलं. तिथं एक साहेब होते, नाकातून बोलणारे. त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि खडू खाली ठेवून म्हणाले, "मलेरियल. हे विशेषण आहे. मलेरियल ताप, मलेरियल मुलूख, मलेरियल मोसम. आता हा शब्द आला कुठून?" कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी सांगितलं. इटली नावाच्या देशात 'माला' म्हणजे वाईट आणि 'आरिया' म्हणजे हवा. दलदलीजवळ राहणाऱ्यांना ताप यायचा. लोकांना वाटलं, दलदलीतून घाण हवा उठते, ती नाकातोंडात जाते आणि माणूस थंडीनं उडायला लागतो. म्हणून तापाचं नाव पडलं खराब हवा. इंग्रजांनी ते नाव उचललं आणि त्याला शेपूट जोडून विशेषण केलं. पुढं कळलं की हवेचा काही संबंध नाही, तो डास. पण नाव पडलं ते पडलं.

अख्ख्या ट्रेनिंगात हिलालभाऊला एवढंच पाठ झालं, आणि ते असं पाठ झालं की ज्याचं नाव ते. इंग्रजीनं जन्मभर त्याला हिंग लावून विचारलं नव्हतं. तिचा हा एक शब्द मात्र मुळासकट त्याच्या हातात आला होता. तो त्यानं खेडोपाडी फिरवला. टोपी डोळ्यांवर ओढायची, हात पाठीमागं बांधायचे, आवाज नाकात न्यायचा. "मऽऽलेरिअल! माला म्हणजे वाईट. आरिया म्हणजे हवा!" ओटा चिडीचूप व्हायचा. मग टोपी मागं सारून हिलालभाऊ आपल्या घरच्या आवाजात यायचा. "आनि मंग एक सायेबनी मच्छरनं पोट फाडीसन देखं! तठे बठेल व्हता मलेरिया, पाय पसरीसन!" इथं तो मच्छरासारखा गुणगुणत शेजारच्याच्या मानेला चिमटा काढायचा. हशा. कुणी चहा सांगायचं. नव्या गावातही त्याचं असं बस्तान बसायचं.

नाकातला आवाज खरा वाटायचा आणि घरचा आवाज गमतीचा, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

कमल त्याची एकुलती एक लेक. आदल्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं ते याच गव्हाणखेड्यात, जीवरामशी. जीवराम शेतीतला, कमी बोलणारा. घरात चालायचं ते त्याच्या आईचं, मंजुळाबाईचं. बाई कामसू, तोंडानं गोड आणि शब्दाला पक्की. सुनेवर माया करायची, पण आपल्या पद्धतीनं.

लग्नानंतर हिलालभाऊची पंचाईत झाली. इतर घरांत तो सरकारी माणूस होता. थेट माजघरात जायचा, रांजणात डोकावून "पानी उघडं ठेवू नका" म्हणायचा, कुणाच्याही घरचं पाणी प्यायचा. या एका घराचा तो व्याही होता. व्याह्यानं उंबरा ओलांडायला बोलावणं लागतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उन्हातून सायकल मारत यायचा, घसा कोरडा पडलेला असायचा आणि कमल सवयीनं तांब्या भरून दारात यायची. बापाच्या तोंडाकडे बघून ओशाळायची आणि तसाच आत न्यायची.

"ताप-थंडी-कणकण-डोकं?" तो त्या दारात अगदी हळू विचारायचा, देवळात बोलावं तसं.

"व्याहीभाऊ, हाई तुम्ही इचारी ऱ्हायनात का सरकार?" मंजुळाबाई आतून हसायची.

"दोन्ही, विहीणबाई."

"मंग दोन्हीसले सांगा, आमनं घर बठ्ठं बेस शे."

त्या साली पावसानं कमाल केली. नाल्यावर नव्या रस्त्यासाठी मातीचा भराव घातला होता, त्यामागं पाणी तुंबून राहिलं. गुरांच्या खुरांच्या खळग्यांतही पाणी साठलेलं. हिलालभाऊ सायकल उभी करून त्या पाण्याशी वाकायचा. वरून ते स्वच्छ दिसायचं, आभाळ दिसावं इतकं. जरा नजर ठरली की आभाळात काहीतरी वळवळायचं. घराघरात "नही" म्हणणारे आवाज थोडे उशिरा यायला लागले होते.

आणि कमलला दिवस गेले होते.

पोटुशी बाई म्हणजे या तापाचं आवडतं घर, हे त्याला ट्रेनिंगातून नाही, फिरून फिरून कळलं होतं. कुठल्या गावी काय झालं ते तो घरी बायकोलाही सांगायचा नाही. विहीणबाईला तेवढं तो म्हणाला, "पोरले थोडा दिवस दोंडाईचाले लयी जाऊ का?"

"आते?" मंजुळाबाईनं पापणी लवू दिली नाही. "घरमा कानबाई येवाव शे, व्याहीभाऊ. पयली कानबाई, आनि घरनी सून माहेरले? लोके काय म्हंतीन? सातवा महिना लागू द्या, मंग तुमनीच शे."

कानबाई म्हटल्यावर बोलणंच संपलं. श्रावणातली ती देवी खानदेशात माहेरवाशिणीसारखी येते. तिच्यासाठी घर चुन्यामातीनं लखलखीत करतात, भाऊबंद एकत्र जमून रोटाचा नैवेद्य करतात, नारळाला डोळेनाक लावून तिला चौरंगावर बसवतात. तिच्यापुढं व्याही कोण आणि हिवताप खातं कोण!

त्यातल्या त्यात एक बरं झालं. कानबाईच्या थोडं आधी फवारणीचं पथक आलं. हिलालभाऊ पथकाबरोबर गल्लीतून फिरला आणि मंजुळाबाईच्या घराशी पंपवाल्याला म्हणाला, "आठे कंजूसी करू नको रे." डीडीटीच्या पाण्यानं मातीच्या भिंती आढ्यापासून पायापर्यंत भिजल्या. सुकल्यावर त्यांवर पांढुरके ओघळ उठले आणि घरभर तो वास भरला, नाकातून डोक्यात जाणारा. कमलनं पदर तोंडाला लावला.

"वास सहन कर माय," तो दारातूनच म्हणाला. "मच्छर चावी जास नि भितवर बठस. बठना का मरना."

त्या दिवशी परतताना त्याची सायकल जरा हलकी चालली.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा गाव आधी डोळ्यांत भरलं. सगळं पांढरं. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, ओल्या, गुळगुळीत. ओघळ कुठंच नव्हते. डीडीटीचा वास नव्हता. ओल्या मातीचा छान थंड वास येत होता, आणि हिलालभाऊनं सायकल उभी करून भिंतीला बोट लावून बघितलं.

ओट्यावर सुंदरबाई बसली होती. ही म्हातारी गावातली नकलाकार. कुणाच्याही चालीची, खोकल्याची हुबेहूब नक्कल करायची. हात कोपरापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेले. हिलालभाऊला बघून तिचे डोळे चमकले.

"भाऊ, बठ. तुनी गोट आते मी सांगस, देख जमी ऱ्हायनं का."

तिनं पदर डोळ्यांवर ओढला. मातीचे हात पाठीमागं बांधले. आवाज नाकात नेला. "मऽऽलेरिअल! माला म्हंजे वाईट. आरिया म्हंजे हवा!" बायका खिदळल्या. नक्कल नाशिकच्या साहेबांचीच होती. त्यांना कधीही न बघता या म्हातारीनं त्यांचा नाकातला सूर जसाच्या तसा पकडला होता. हिलालभाऊही हसला आणि पुढच्या वाक्यासाठी थांबला. टोपी मागं सारायची, आवाज बदलायचा, मच्छर यायचा.

सुंदरबाईनं पदर नीट केला आणि भिंतीला पोतेरं फिरवायला लागली.

"आनि मंग?" हिलालभाऊनं विचारलं.

"मंग काय? खराब हवाघाई ताप येस. इंग्रजी नावमाच शे, तूच ना सांगं."

"आनि मच्छर?"

"ती ते तुनी गंमत!" म्हातारीनं त्याच्या मानेला मातीच्या हातानं चिमटा काढला. "त्या फवारावालासनी कितली खराब हवा करी दिन्थी घरमा! डोकं फुटाले लागं. तुनी गोट आठवनी. मी म्हंतं, बायासहोन, हाईच ती. सारवी टाका. तशीबी कानबाई येवाव शे."

बायका होय होय म्हणाल्या. एकीनं सांगितलं की फवारल्यापासून ढेकूणसुद्धा दुप्पट झाले होते. हिलालभाऊच्या मानेवरची माती सुकून ओढायला लागली. शिव्या द्याव्यात असं त्याला वाटलं, पण कुणाला देणार? म्हातारीच्या तोंडून त्याचाच आवाज आला होता.

तो मंजुळाबाईच्या दारात पोचला. देवीची भिंत सर्वांत पांढरी. कमल पाटावर उभी राहून वरचा हात फिरवत होती, पोट सांभाळत. समोरच्या खिडकीत गोणपाट कोंबलेलं.

"हाई काब्र?"

"नालावरथीन हवा येस ना," मंजुळाबाई म्हणाली. "पोटुशी पोर शे. तुमनी गोट ध्यानमा ठी शे मी."

त्यानं समजावलं. हवा नव्हे, मच्छर. भिंतीवरचं औषध मातीखाली गेलं. फवारणीवाले पुढच्या गावांना निघून गेलेत, पण मी त्यांना बोलावून आणतो, ही एकच खोली पुन्हा...

मंजुळाबाईचं हसू थांबलं. "जी भितले कानबाई टेकी बठस, तिले जहर मारू? व्याहीभाऊ, तुम्ही दुसरा कोनी ऱ्हातात ते मी काय सांगतू ते देखतात."

सरकारी माणूस असता तर तो भांडला असता. सरपंचाला आणला असता, आवाज चढवला असता. व्याही उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बरं, विहीणबाई." लेक त्याच घरात राहायची होती.

पण तो गप्प बसला नाही. दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याच्या बाजारातून त्यानं मच्छरदाणी घेतली. चांगली, पांढरी, बारीक जाळीची. सायकलच्या हँडलला बांधून आणली आणि दारातून विहीणबाईच्या हाती दिली. "कमलले. तिना खाटले बांधा. लेकले बापनं इतलं ते चालस ना?"

मंजुळाबाईनं जाळी उलगडली. हातावर घेऊन उजेडात धरली. "माय व! कितली नाजूक शे!" तिचा चेहरा एवढा उजळला की हिलालभाऊचाही जीव भांड्यात पडला.

कानबाईच्या दिवशी त्याला आमंत्रण होतं. रोट घरातल्यांचा आणि भाऊबंदांचा. व्याह्यानं दाराशी येऊन नुसतं दर्शन घ्यायचं. आत वाद्यं, बायकांची गाणी, पुरणाचा वास. दारात लोकांच्या खांद्यांवरून त्यानं मान उंच केली.

चौरंगावर कानबाई बसली होती. काजळाचे डोळे, नथ, हिरवी चोळी. आणि तिच्या चारी बाजूंनी वरून खाली झुळझुळत आलेली, खांबांना फुलांच्या माळांनी बांधलेली, त्याची मच्छरदाणी.

"काय शोभा उनी शे!" बायका म्हणत होत्या. "व्याहीसनी दिन्ही, दोंडाईचाथीन!"

जाळीच्या आत समई तेवत होती. एकही किडा आत नव्हता. जाळीच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून कमल बसली होती. गाण्यावर टाळ्या वाजवत होती आणि दोन टाळ्यांच्या मध्ये दंड खाजवत होती. तिच्या डोक्यावर त्या सुंदर पांढऱ्या भिंतीवर काळे ठिपके बसले होते. शेपटी वर करून, जसे हे डास बसतात तसे. निवांत. भिंत त्यांना काही करत नव्हती.

विसर्जनानंतर जाळी परत खाटेला बांधतील, असं तो स्वतःला सांगत गेला. पण देवीच्या अंगावरचं वस्त्र कुणी खाटेला बांधतं का? पुढच्या खेपेला मंजुळाबाईनंच अभिमानानं सांगितलं, की ती धुऊन, घडी करून, वरच्या पेटीत ठेवली आहे. "वरीसनी वरीस कानबाईले व्हई."

भादव्यात एका सकाळी हिलालभाऊची सायकल खर्र-टक करत नाला ओलांडून आली आणि पोरं पळाली नाहीत. गंजीशी उभी राहून ती त्याच्याकडे नुसती बघत होती. सुंदरबाई ओट्यावर होती, पण तिनं म्हाताऱ्यांचा तो नेहमीचा हाडांचा विनोद केला नाही.

"आबा, आधी लेकनाकडे जा," ती म्हणाली. भाऊ म्हणायचं सोडून ती त्याला कमल म्हणते तसं आबा म्हणाली, तेव्हाच त्याला कळलं.

दार लोटलेलं होतं. उंबऱ्याशी त्यानं आवाज दिला, "ताप..." आणि पुढचे शब्द निघाले नाहीत. आतून दात वाजल्याचा आवाज येत होता.

तो आत शिरला. लग्नानंतर पहिल्यांदा. अंधार, धुपाचा धूर, खिडकीला गोणपाट, दाराच्या फटींतही चिंध्या. कमल गोधड्यांच्या ढिगाखाली थडथडत होती. डोळे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती. ती काहीतरी पुटपुटत होती. तो वाकला. ती गाणं म्हणत होती, कानबाईचं.

"परवदीन अंग गरम व्हतं," मंजुळाबाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, डोळे सुजले होते. ती झोपलेली नव्हती. "मी हवा येऊ दिन्ही नही, भाऊ. इतलीसी बी नही. दार लावा ना, दार लावा."

हिलालभाऊनं गोणपाट ओढून काढलं. उजेड आत पडला. त्यानं सवयीनं लेकीचं बोट धरलं, पुसलं, सुई हातात घेतली.  थेंब पट्टीवर पसरला. पट्टी तपासून उत्तर यायला लागणारा वेळ त्याला ठाऊक होता. त्या मुदतीत माणूस एक तर बरा होतो, नाही तर. त्यानं पट्टी खिशात टाकली आणि जीवरामला ओरडून जीप आणायला पाठवलं. त्या घरात त्यानं चढवलेला तो पहिला आवाज.

धुळ्याच्या दवाखान्यात कमल कितीतरी दिवस होती. ती वाचली. पोटातलं वाचलं नाही.

ते कळलं त्या दुपारी व्हरांड्यात मंजुळाबाई त्याच्याजवळ येऊन जमिनीवर बसली.  मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. विहीण व्याह्याच्या हाताला हात लावत नाही, पण तिनं ठेवला.

"हवा लागी गयी, भाऊ," ती मायेनं म्हणाली. "तुम्ही ते सांगेल व्हतं. मनाच हातथीन कठेतरी फट ऱ्हायी गयी व्हई."

हिलालभाऊनं समोरच्या नळावरून तिला पाणी आणून दिलं.

त्यानंतर त्यानं ती गोष्ट सांगितली नाही. ओट्यावर लोक आग्रह करायचे, "भाऊ, ती इंग्रजी गोट व्हई जाऊ द्या!" तो म्हणायचा, "मच्छर. बस, इतलीच गोट शे." लोक हिरमुसायचे. मग कुणीतरी उठून त्याचीच नक्कल करायचं, टोपी ओढून, नाकातून. त्याच्या गप्प बसण्यानं काहीच थांबलं नाही. गोष्ट शेजारच्या गावांत पोचली, लग्नांत पोचली, आणि सगळीकडे सुंदरबाई जिथं थांबली तिथंच थांबायची.

पुढच्या श्रावणात, फवारणीच्या दुसऱ्या दिवशी, तो गव्हाणखेड्यात आला. नाल्याचं पाणी भरावामागं तसंच तुंबलेलं. खिडकीत नवं गोणपाट होतं. मंजुळाबाईच्या अंगणात मोठं घमेलं ठेवलेलं, त्यात पांढरी माती भिजत घातलेली, वर ओलं फडकं.

"ताप-थंडी-कणकण-डोकं?" त्यानं दारातून विचारलं.

कमल बाहेर आली. जरा सावकाश चालत होती, पदर पोटावरून सारखा करत. त्यानं पाहिलं आणि तिला कळलं की त्यानं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"नही, आबा," ती म्हणाली. तिच्या हातात भरलेला तांब्या होता. ऊन कडक होतं, घसा सुकून गेला होता. तिनं तांब्या पुढं केला नाही, मागंही नेला नाही. दोघांच्या मध्ये तो तसाच राहिला.

"ठी दे आत," हिलालभाऊ म्हणाला. "आजून पिवानं नही."

आतून मंजुळाबाईचा आवाज आला, गोड, कामात असलेला. "कमल, माती भिजनी का व देख. आनि दार लावी ये माय, हवा येस."